पहिला मेटल डिटेक्टर आणि मिठाचा खडा

कानाला हेडफोन, हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला तबकडी. किनाऱ्यावरून चालता चालता माणूस थांबतो, वाळूत जाळीची पळी खुपसतो, दोनदा हलवतो आणि जाळीत अंगठी लकाकते. असे व्हिडिओ हल्ली इतके फिरतात की पाहणाऱ्याला वाटतंच, आपणही घ्यावा का एखादा? मग माहिती शोधायला बसलं की पंधरा मिनिटांत डोकं गरगरतं. किलोहर्ट्झ, पल्स, मल्टी, डीडी कॉइल, ग्राउंड बॅलन्स... शेवटी वैतागून माणूस एक तर सगळ्यांत स्वस्त यंत्र उचलतो, नाही तर ज्याच्या खोक्यावर खोलीचा सगळ्यांत मोठा आकडा छापलाय ते.

मीही तेच केलं होतं. कोरड्या वाळूत यंत्र झकास चाललं. दोन-चार नाणी, एक किल्ली, बरेच खिळे. हुरूप आला म्हणून पाण्याच्या रेषेपाशी गेलो आणि यंत्रानं भोकाड पसरलं. पुढे केलं तरी ओरडतंय, जरा वर उचललं तरी ओरडतंय, खणून पाहावं तर खाली नुसती ओली वाळू. वाटलं, बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. त्याला समुद्राचं मीठ ऐकू येत होतं.

किनाऱ्यासाठी डिटेक्टर घेताना सगळा खेळ या मिठाचा आहे. हे एकदा नीट कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, आणि बरेच पैसेही वाचतात.

यंत्राला धातू कळतो कसा

तबकडीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांनाच कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र वाळूतल्या नाण्यातून गेलं की नाण्यात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेली गोष्ट ती हीच: बदलतं चुंबकत्व वीज निर्माण करतं. नाण्यातले भोवरे मग स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र उलट पाठवतात. ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं आणि हेडफोनमध्ये ‘टूंऽ’ असा आवाज येतो.

म्हणजे यंत्र धातू ‘पाहत’ नाही. ते हाक मारतं आणि प्रतिसाद ऐकतं. ज्या वस्तूतून वीज वाहू शकते ती प्रत्येक वस्तू त्या हाकेला ओ देते.

याचा फटका एकदा कुणाला बसला ते सांगण्यासारखं आहे. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात नेमकी कुठे अडकलीय हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावर एक यंत्र जुळवून आणलं. बाहेर चाचणीत ते उत्तम चाललं. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र नको तिथे आवाज देऊ लागलं, कारण गादीच्या आत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांचा कौल असा की गोळी उजवीकडेच आहे, त्यामुळे शोधू दिलं ते उजव्याच बाजूला. गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. यंत्र वाईट नव्हतं, ते ज्या खाटेवर वापरलं ती खाट त्याला नडली.

ओला किनारा ही आपली स्प्रिंगांची खाट आहे.

मिठाचा खडा पडतो कुठे

कोरड्या वाळूतून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून डिटेक्टरच्या दृष्टीनं ती रिकामी जागा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मात्र साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि असं पाणी वीज बऱ्यापैकी वाहून नेतं. भिजलेली वाळू म्हणजे मग पसरलेला एक लांबच लांब, अगदी हलक्या प्रतीचा वाहकच झाला. हाक मारली की सगळी पुळण एकदम ओ देते.

त्यातही वाळू कमी-जास्त भिजलेली, एखादी लाट वर येऊन गेलेली, तुमचा हात झोक्याच्या टोकाला नकळत उचलला गेलेला. तबकडीखालचं मीठ क्षणाक्षणाला बदलतं आणि यंत्राला तो प्रत्येक बदल म्हणजे नवा माल वाटतो.

दुखणं इथेच संपत नाही. ओल्या मिठाचा प्रतिसाद हा दुबळ्या वाहकाचा प्रतिसाद असतो, आणि बारीक सोनसाखळी किंवा नाजूक अंगठी यांचाही प्रतिसाद नेमका त्याच बाजूला पडतो. मिठाचा आवाज दाबायला जावं तर त्याबरोबर बारीक सोनंही दाबलं जातं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, इथे अगदी उलटं.

काही किनाऱ्यांवर काळी वाळूही असते. ती लोहखनिजाची, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइटची. ती वीज वाहून नेण्यापेक्षा चुंबकाला ओढली जाऊन त्रास देते. जमिनीचा असला कायमचा गोंगाट ऐकून तो वजा करण्याच्या सोयीला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. मीठ आणि काळी वाळू दोन्ही एका ठिकाणी असतील तर साध्या यंत्राची पुरती दमछाक होते, कारण एकाचा तोल साधावा तर दुसऱ्याचा जातो. तुमच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे का हे पाहायला साधं लोहचुंबक पुरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवीला काळी लव चिकटली की समजा.

यंत्रांच्या तीन जाती

बाजारात नावं शेकड्यांनी असली तरी जाती तीनच.

पहिली जात एकाच कंपनसंख्येवर चालणारी. कंपनसंख्या म्हणजे कॉइलमधली वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा; सेकंदाला हजार हेलकावे म्हणजे एक किलोहर्ट्झ. तिला व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) म्हणतात. ही यंत्रं साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला एक सूर धरून बसतात. गॅरेट कंपनीचं एस २५० हे ६.५ किलोहर्ट्झवर चालतं, नोक्ता कंपनीचं मूळ सिंप्लेक्स १२ वर. स्वस्त आणि हलकी असतात, कोरड्या वाळूत मस्त चालतात, लोखंड वेगळं ओळखतात. ओल्या खाऱ्या वाळूत मात्र संवेदनशीलता उतरवून, तबकडी अगदी एका पातळीत फिरवून कसंबसं निभावून न्यावं लागतं. ‘बीच मोड’ असेल तर जरा बरं चालतं, इतकंच.

दुसरी जात एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारी. मीठ खालच्या सुराला एक उत्तर देतं, वरच्या सुराला दुसरं, आणि अंगठीची उत्तरं तिसऱ्याच धर्तीची. एकाच साक्षीदारावर विसंबण्याऐवजी तिघांना वेगवेगळं विचारलं की खोटं कोण बोलतंय ते कळतं, तसं हे यंत्र उत्तरं ताडून मिठाचा भाग वजा करतं. मायनलॅब कंपनीची व्हँक्विश मालिका ही या जातीतली, आणि नवख्याच्या आवाक्यात येईल अशी.

इथे जाहिरातीतली एक मेख सांगून ठेवतो. ‘अनेक कंपनसंख्या’ लिहिलेलं प्रत्येक यंत्र या जातीचं नसतं. काहींत ५, ८, १०, १५ असे पर्याय असतात, पण एका वेळी एकच निवडता येतो. मायनलॅबचंच एक्स-टेरा प्रो असं आहे. यंत्र चांगलं, पण मिठाचं गणित त्यानं सुटत नाही. सवाल एकच विचारा: सगळ्या कंपनसंख्या *एकाच वेळी* चालतात का?

तिसरी जात पल्सवाली, म्हणजे पल्स इंडक्शन, थोडक्यात पीआय. पितळेच्या भांड्यावर टिचकी मारली तर नाद घुमत राहतो, मातीच्या मडक्यावर मारली तर ‘ठप्’ होऊन विषय संपतो. पीआय यंत्र विजेची अशी टिचकी मारतं, क्षणभर थांबतं आणि मग कान लावतं. मिठाचा ‘ठप्’ तोवर संपलेला असतो, धातूचा नाद मात्र उरलेला असतो. म्हणून ओल्या वाळूत आणि पाण्यात ही यंत्रं शांत चालतात आणि खोल जातात. तोटे दोन. एक, लोखंडी खिळा आणि सोन्याची अंगठी यांत ती फारसा फरक करत नाहीत, त्यामुळे केसांच्या पिना काढून काढून कंबर मोडते. दुसरा तोटा कमी जण सांगतात: अगदी पातळ सोनसाखळीचा नादही मिठासारखाच चटकन विरतो, तेव्हा तीही निसटू शकते.

आधी वाळू ठरवा, मग यंत्र

आपण चालणार कुठे हे ठरवल्याशिवाय यंत्राकडे बघूच नये, असं माझं ठाम मत आहे.

लोक जिथे बसतात, टॉवेल पसरतात, खेळतात, ती वरची कोरडी वाळू. खिशातून पडलेली नाणी, कानातली, किल्ल्या इथे सापडतात आणि बहुतेक वरच्या थरातच. इथेच फिरणार असाल तर पहिल्या जातीचं साधं यंत्र पुरेसं आहे. अनेक कंपनसंख्यांसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. पैसे कमी आहेत म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर सगळ्यांत जास्त माणसं कोरड्यातच बसतात.

ओहोटीला उघडी पडणारी ओली पुळण हा दुसरा पट्टा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठ्या सैल होतात, त्यामुळे दागिन्यांची आशा इथे जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा खूप मागे जातं आणि एरवी न मिळणारी जमीन तासाभरासाठी मोकळी होते. इथे फिरायचं असेल तर दुसऱ्या जातीच्या खाली उतरू नका. त्यासाठी आणखी काही महिने पैसे साठवावे लागले तरी चालेल. साधं यंत्र घेऊन ओल्यात गेलेला माणूस तिसऱ्या फेरीला यंत्र माळ्यावर टाकतो, आणि मग ते ‘स्वस्त’ यंत्र सगळ्यांत महाग पडतं.

गुडघाभर किंवा अधिक पाण्यात उतरणं हा तिसरा प्रकार. तो पहिल्या यंत्राचा विषय नाही. दुसरं घ्याल तेव्हा बघू.

“पण जास्त खोल जाणारं घेतलेलं बरं ना?”

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून जरा हिशेब करू. तबकडीपासून दूर जाताना हाक दुबळी होत जाते. छोट्या वस्तूच्या बाबतीत, थोडं अंतर सुटल्यावर, अंतर दुप्पट झालं की हाकेचा जोर आठ पटींनी घटतो. नाण्यानं दिलेला प्रतिसाद परत येतानाही तेवढाच घटतो. आठ गुणिले आठ, चौसष्ट. म्हणजे दुप्पट खोलीवरचं तेच नाणं ऐकायचं तर चौसष्ट पट दुबळा आवाज पकडावा लागतो.

म्हणूनच दुप्पट किमतीचं यंत्र दुप्पट खोल जात नाही. दोन-चार बोटं जास्त जाईल. उत्तम यंत्रही एखादं नाणं साधारण तबकडीच्या व्यासाएवढ्या खोलीवर सांगतं, थोडं इकडे-तिकडे. खोक्यावरचे मोठे आकडे हे बहुधा मोठ्या वस्तूंसाठी असतात, पिंपासारख्या. आणि शंभर मीटरवरून सोन्याची दिशा दाखवतो म्हणणारी यंत्रं विकली जातात ती ‘पी हळद अन् हो गोरी’ या जातीची. चौसष्टचा पाढा त्यांनाही चुकत नाही.

मोठी तबकडी घेतली तर? थोडं खोल जाईल, पण एका वेळी जास्त मीठही ऐकेल आणि हाताला जड होईल. दर दोन सेकंदांना एक झोका धरला तरी तासाला १,८०० झोके होतात. दुकानात उचलून ‘हलकं आहे’ म्हणणं आणि दीड हजाराव्या झोक्याला तसं म्हणणं यांत फरक आहे. १० ते ११ इंचांची तबकडी बहुतेकांना मानवते. ‘डीडी’ लिहिलेली बघा: तिच्या आतली दोन वेटोळी इंग्रजी डी अक्षरासारखी पाठीला पाठ लावून असतात. त्यामुळे ती जमिनीचा अरुंद पट्टा ऐकते आणि खनिजांनी कमी गोंधळते.

“सोनं आहे की डब्याची कडी, हे पडद्यावर कळत नाही का?”

नाही. यंत्राला धातूचं नाव कळत नाही. वस्तूतले भोवरे किती सहज फिरले आणि किती वेळ टिकले यावरून ते एक आकडा देतं. तो आकडा धातूवर जितका अवलंबून तितकाच वस्तूच्या आकारावर आणि जाडीवर. त्यामुळे जाड अंगठीचा आकडा आणि शीतपेयाच्या डब्याच्या ॲल्युमिनियम कडीचा आकडा शेजारीशेजारी, कधी अगदी एकच. बारीक अंगठी चंदेरी कागदाच्या बोळ्याशी जुळते. साखळीची तर आणखी गंमत, यंत्राला अख्खी साखळी ऐकू येतच नाही. प्रत्येक कडी सुटी सुटी ऐकू येते आणि मोठ्या साखळीचाही आवाज पिनेएवढा निघतो.

तेव्हा ‘कचरा गाळण्याची’ सोय वापरून कड्या आणि कागद बंद केलेत की अंगठ्याही बंद. किनाऱ्यावर लोखंड सोडून बाकी सगळं खणायचं. वाळू खणायला सोपी असते, कुठे खडक फोडायचाय? याचा बजेटशी संबंध असा की रंगीत पडदा, नकाशा, पन्नास प्रकारचे आवाज यांवर पहिल्या यंत्रात पैसे घालवायची गरज नाही. लोखंड वेगळं सांगता आलं की पुरे.

“वॉटरप्रूफ लिहिलंय की!”

काय वॉटरप्रूफ आहे ते विचारा. बऱ्याच यंत्रांची फक्त तबकडी पाण्यात चालते. वरचा डबा, जिथे खरी अक्कल असते, तो नाही. व्हँक्विशचंही तसंच: तबकडी एक मीटरपर्यंत चालते, डबा नाही. ओल्या वाळूवर फिरायला एवढं पुरतं, पण एक आगाऊ लाट आली आणि तुम्ही तोल सावरायला दांडी खाली टेकवलीत की खेळ खलास. सिंप्लेक्ससारखं यंत्र अख्खं बुडवता येतं, पण ते एकाच सुरावर चालतं. म्हणजे एकाला मीठ सोसतं पण पाणी सोसत नाही, दुसऱ्याला पाणी सोसतं पण मीठ जड जातं. दोन्ही हवं असेल तर पैसे वाढतात. मी असं असताना मीठ सोसणारं घेईन आणि डब्याला जाड पारदर्शक पिशवी बांधेन.

आयपी ६७ असं लिहिलेलं असेल तर अर्थ एवढाच, की एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी साध्या, संथ पाण्यात होते. फेसाळत्या लाटेच्या तडाख्याची हमी त्यात नाही. बिनतारी हेडफोनचंही ध्यानात ठेवा. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरता शिरताच विरून जातात, कारण पुन्हा तेच मीठ. डबा पाण्याखाली गेला की बिनतारी जोडणी तुटते.

सगळे पैसे यंत्रात घालू नका

बजेटचा एक हिस्सा पळीसाठी काढून ठेवा. कोरड्या वाळूत प्लॅस्टिकची जाळीदार पळी चालते. ओल्यात ती वाकते आणि तुम्ही खड्डा करताय तोवर तो भरूनही येतो. तिथे लांब दांड्याची स्टेनलेस स्टीलची पळी हवी. मी सुरुवातीला बागकामाचं खुरपं नेलं होतं. वस्तू वाळूच्या ढेकळाबरोबर बाजूला पडायची, मग तबकडी पुन्हा फिरवायची, पुन्हा ढेकूळ. एका नाण्याला दहा मिनिटं लागायची. हेडफोनही हवेतच, कारण खोलवरचे आवाज पुसट असतात आणि लाटा व वारा ते गिळून टाकतात.

घरी आलात की यंत्र गोड्या पाण्यानं पुसा आणि तबकडीखालचं प्लॅस्टिकचं झाकण काढून धुवा. त्या फटीत काळी वाळू साचते आणि पुढच्या वेळी यंत्र विनाकारण किणकिणत राहतं.

यंत्र मागवण्याआधी त्या किनाऱ्यावर डिटेक्टर चालवायला परवानगी आहे का ते विचारून घ्या. देशोदेशीचे, कधी एकाच किनाऱ्याच्या दोन टोकांचे नियम वेगळे असतात. पुरातत्त्वाच्या जागा सगळीकडेच वर्ज्य असतात. खड्डे बुजवायचे, आणि गंजलेला तोफगोळा वाटेल असं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवायचं.

पैसे वसूल होतील का? त्या हिशेबानं घेऊ नका. हाती येतं ते बहुतेक नाणी, खिळे आणि मासेमारीच्या गळाचं शिसं. शिशावर मात्र रागावू नका. शिसं वाळूच्या चौपटीहून जड, सोनं त्याहूनही जड. लाटा जड वस्तू एकाच घळीत नेऊन टाकतात. शिसं आणि नाणी एकत्र निघू लागली तर तिथून हलू नका.

“जुनं घेतलं तर?”

जरूर. कमी पैशांत दुसऱ्या जातीचं यंत्र मिळवायचा हाच खरा मार्ग. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा थर आहे का पाहा, म्हणजे खारं पाणी आत गेलंय. वायर तबकडीला जोडली जाते तिथे हलवून आवाज होतो का पाहा. आतच बसवलेली बॅटरी असेल तर ती किती तास टिकते ते स्वतः चालवून बघा.

आणि चाचणी अंगणात घेऊ नका, ओल्या पुळणीवर घ्या. यंत्र चालू करून मिनिटभर नुसतं फिरवा, शांत राहतं का ऐका. मग एक अंगठी वितीच्या निम्म्या खोलीवर पुरा आणि तबकडी फिरवा. दोन्ही दिशांनी येणारा तोच तो स्वच्छ आवाज हवा.

अंगठीला दोरा बांधायला विसरू नका. मी विसरलो होतो. विकणारा गृहस्थ ‘ओल्यात पण एक नंबर चालतं’ म्हणाला, मी बोटातली अंगठी काढून पुरली, तेवढ्यात एक लाट वर आली आणि खूण पुसून गेली. यंत्र चारी दिशांना सारखंच ओरडत होतं. अर्धा तास आम्ही दोघे गुडघे टेकून पळीनं वाळू चाळत होतो, आणि अंगठी शेवटी त्यालाच मिळाली. ती माझ्या हातावर ठेवताना किमतीचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही.